दाखलवहीपलीकडील ग्रंथपाल

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा जो कायदा २००९ साली संमत झाला, त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वृत्तपत्र, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचे ग्रंथ उपलब्ध असावेत, असे स्वच्छ शब्दांत नमूद केलेले आहे. परंतु त्या ग्रंथालयात बसणारा माणूस कोण, त्याने काय शिकलेले असावे आणि एकदा शिकलेले जुने झाल्यावर ते नवे कोणी करून द्यावे, याविषयी ती अनुसूची अवाक्षर काढीत नाही. पुस्तके खरेदी करून कपाटात लावली की ग्रंथालय सिद्ध झाले, ही आपल्या शिक्षणखात्याची समजूत त्या कायद्याहून पुष्कळच जुनी आहे. १९५२-५३ साली मुदलियार आयोगाने देशभरच्या माध्यमिक शाळा पाहून जो अहवाल दिला, त्यात शालेय ग्रंथालयांतील पुस्तके जुनाट व मुलांच्या अभिरुचीला न मानवणारी असतात, ती अपुऱ्या व अनाकर्षक खोलीतील मोजक्या कपाटांत ठेवलेली असतात, आणि त्यांचा ताबा बहुधा एखाद्या कारकुनाकडे किंवा ग्रंथांविषयी ना प्रेम ना ज्ञान अशा शिक्षकाकडे फावल्या वेळाचे काम म्हणून दिलेला असतो, असा स्पष्ट अभिप्राय व्यक्त केलेला आहे. त्यानंतर सात दशके लोटली. तो परिच्छेद आज जसाच्या तसा छापला, तर तारीख बदलण्यापलीकडे त्यात फारशी दुरुस्ती करावी लागेल असे वाटत नाही.

महाराष्ट्रातील वस्तुस्थिती अशी, की खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांत पटसंख्येच्या प्रमाणात पूर्णवेळ अथवा अर्धवेळ ग्रंथपालाचे पद मंजूर होते, आणि त्या पदावरील व्यक्तीची गणना ‘शिक्षकेतर कर्मचारी’ या सदरात होते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत स्वतंत्र ग्रंथपाल नसतोच. तेथे एखाद्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे कपाटाची किल्ली असते. शिक्षकेतर या शब्दात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नसेलही. तथापि त्याचा परिणाम असा होतो, की शिक्षकांसाठी निघणाऱ्या प्रशिक्षणाच्या परिपत्रकात ग्रंथपालाचे नाव क्वचितच येते, आणि ग्रंथपाल म्हणून त्याने ज्या गोष्टी नव्याने शिकाव्यात अशी अपेक्षा असते, त्या बहुतांशी संगणकीकरण, बारकोड आणि वार्षिक मोजणी यांच्या पलीकडे जात नाहीत. शाळेत येणारी मुले बदलली, त्यांच्या घरच्या बोली बदलल्या, पहिल्या पिढीचे शिकणारे आले, स्थलांतर करणारे आले, दृष्टिहीन आले. ग्रंथपालाचे शिक्षण मात्र वस्तूंच्या जतनाभोवतीच घोटाळत राहिले. असे का घडले, आणि त्यावर कोणी कोठे काही उपाय केला काय, याचा थोडा विस्ताराने विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

या देशात ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले, तेव्हाचा हेतू असा संकुचित खचित नव्हता. १९०६ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली. आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण अमलात आणलेल्या त्या नृपतीच्या लक्षात आले, की शाळा सोडलेल्या मुलाला वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे चार-दोन वर्षांत पुसली जातात. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि १९११ साली तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग उघडण्यात आला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिलाच वर्ग. लाहोरास पंजाब विद्यापीठाचा वर्ग त्यानंतर, १९१५ साली निघाला. बडोद्याची फिरती ग्रंथालये लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव जात, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता, आणि १९१२ पासून काही वर्षे तेथून निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत प्रसिद्ध होत असे. ज्या संस्थानात राजाची भाषा एक, बहुसंख्य प्रजेची दुसरी आणि वरिष्ठ कारभाराची तिसरी होती, तेथे ग्रंथपालाने एकाच भाषेवर भागवून चालणार नाही, ही गोष्ट कोणाला सिद्ध करून दाखवावी लागली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९२९ साली तेथे उन्हाळी वर्ग सुरू केला आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. ही पाच वाक्ये आज ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात. परीक्षेत त्यांवर प्रश्न हमखास येतो. परंतु दुसऱ्या सूत्राचा अर्थ शाळेच्या खोलीत काय होतो, हे त्या उत्तरपत्रिकेत सहसा उतरत नाही. ‘प्रत्येक वाचक’ म्हणजे वाचता न येणारा सातवीतला मुलगाही त्यात आला. घरी कोरकू बोलणारी तिसरीतली मुलगीही आली. त्यांचा ग्रंथ कोणता? याचे उत्तर देण्यासाठी ग्रंथपालाने त्या मुलांना ओळखले पाहिजे आणि शेकडो बालपुस्तके स्वतः वाचलेली असली पाहिजेत. रंगनाथनांनी १९४२ साली शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून त्यांना या प्रश्नाचे महत्त्व पूर्णतया अवगत होते हे उघड आहे. अनुयायांनी मात्र गुरूची सूत्रे घेतली आणि मुले विद्यापीठाबाहेर ठेवली. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, व्यवस्थापन, अलीकडे संगणक, एवढ्या विषयांत पदवीचा अभ्यासक्रम संपतो. बालसाहित्य हा विषय असलाच तर ऐच्छिक, आणि मुलांना मोठ्याने वाचून कसे दाखवावे याची प्रात्यक्षिक परीक्षा तर बहुधा नसतेच.

शाळेच्या दाखलवहीचे एक पान येथे मुद्दाम उलगडून पाहावे. लांबरुंद, जाड पुठ्ठ्याच्या या वहीत डावीकडून उजवीकडे स्तंभ आखलेले असतात: दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठे, किंमत, देयक क्रमांक, वर्गांक, आणि शेवटी अरुंद असा ‘शेरा’. या नोंदी अत्यंत आवश्यक आहेत, याविषयी वाद नाही. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या वस्तूचा हिशेब राहिलाच पाहिजे. परंतु ग्रंथपालाची तपासणी होते ती या वहीवरून, त्याला खुलासा मागितला जातो तो या वहीवरून, आणि निवृत्तीच्या वेळी कार्यभार सोपवताना एकेका क्रमांकापुढे पुस्तक दाखवावे लागते तेही हिच्यावरून. एखादे पुस्तक वीस वर्षांत किती मुलांच्या हाती गेले, हे विचारणारा स्तंभ तीत नाही. ज्या गोष्टीची विचारणा होते तीच गोष्ट मनुष्य शिकतो, हा सर्व दप्तरांचा अनुभव आहे. आणि म्हणून दाखलवही हीच आपल्या शालेय ग्रंथपालाची खरी प्रशिक्षणशाळा ठरली, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

आता या खोलीच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलांकडे वळू. मराठी माध्यमाची शाळा म्हटली की तेथील सर्व मुलांची मातृभाषा मराठी, असे आपण गृहीत धरतो. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते, आणि कोरकू ही मुंडा कुलातील भाषा असल्यामुळे तिचे मराठीशी कुलनाते नाही. गोंडी, माडिया व कोलामी या द्राविड कुलातल्या. नंदुरबारच्या डोंगरात भिली व पावरी, पालघरकडे वारली व कातकरी, तांड्यावर गोरमाटी. शहरांतील मोहल्ल्यात दखनी. बृहन्मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते, आणि तरीही त्या वर्गांतल्या कित्येक मुलांच्या घरची भाषा या आठांबाहेरची, भोजपुरी किंवा मैथिली असते. पहिलीतल्या मुलाला शाळेची भाषा आणि वाचनाची विद्या या दोन अपरिचित गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. ज्याच्या घरी मराठी बोलतात त्याला त्यांपैकी एकच. हा भेद ग्रंथपालाला ठाऊक नसेल, तर ‘या मुलांना वाचनाची आवड नाही’ असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो.

भाषेखेरीज हंगामाचाही भेद आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे कुटुंब दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर जाते ते पाडव्याच्या सुमारास परतते. काही मुले मागे हंगामी वसतिगृहात राहतात, पुष्कळशी आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात. सात दिवसांत पुस्तक परत करावे, हा सर्वत्र रूढ असलेला नियम या मुलाला कोणत्या महिन्यात लागू करावयाचा? नियम करणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे जो विद्यार्थी उभा होता, तो बारमाही एकाच घरात राहणारा, स्वतःची अभ्यासाची जागा असलेला, पुस्तक हरवल्यास ज्याचा बाप किंमत भरून देईल असा होता. तो विद्यार्थी काल्पनिक नव्हे. परंतु तो सर्वांचा प्रतिनिधी नव्हे.

वर्गीकरण हे तर ग्रंथपालाचे सर्वांत तटस्थ, सर्वांत शास्त्रीय काम समजले जाते. तेथेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे. लोककथा मात्र ३९८.२ मध्ये, म्हणजे समाजशास्त्रांच्या दालनात, चालीरीती आणि लोकाचार यांच्या शेजारी जातात. यामुळे पुण्यातील लेखकाने लिहिलेली राजपुत्राची गोष्ट ‘साहित्य’ ठरते आणि वारली आजीने सांगितलेली तितकीच सुरस गोष्ट ‘लोकाचार’ ठरून दुसऱ्याच कपाटात जाऊन बसते. धर्माच्या दोनशे ते दोनशे नव्व्याण्णव या विभागात २२० ते २८० हा बहुतेक सारा विस्तार ख्रिस्ती धर्माने व्यापलेला असून जगातील उरलेले सर्व धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसवलेले आहेत. ही पद्धती मोडीत काढावी असे कोणी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या व्यवहारात एक सर्वमान्य क्रम हवाच. परंतु हा क्रम एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट देशातील ग्रंथसंग्रह नजरेपुढे ठेवून आखलेला आहे, एवढे जरी प्रशिक्षणवर्गात सांगितले गेले, तर प्राथमिक शाळेतल्या मांडणीवर वर्गांकाचा हट्ट न धरता गोष्टी एकत्र लावण्याचे धैर्य ग्रंथपालाला येईल. आठ वर्षांचे मूल दशांश चिन्हाने पुस्तक शोधीत नाही. ते मुखपृष्ठाने शोधते.

पुस्तकांच्या निवडीचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि या बाबतीत परदेशातील एका प्रयत्नाचा निर्देश करणे अवश्य वाटते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेम भागातील १३५ व्या रस्त्यावरील शाखेत पुरा बेलप्रे या पोर्तो रिकोहून आलेल्या बाई १९२१ साली नोकरीस लागल्या. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी तेथे काहीच नाही असे पाहून आपल्या बेटावरच्या लहानपणी ऐकलेल्या गोष्टी त्यांनी स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सांगावयास आरंभ केला. त्यांतील झुरळीण आणि उंदीर यांची गोष्ट १९३२ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याच शाखेत १९३७ साली ऑगस्टा बेकर आल्या. कृष्णवर्णीय मुलांपुढे ठेवण्यासारखी पुस्तके शोधताना त्यांना बहुतेक पुस्तकांत काळा मनुष्य विदूषक किंवा नोकर म्हणूनच आढळला. म्हणून त्यांनी स्वाभिमानाला धक्का न लावणाऱ्या पुस्तकांचा संग्रह उभारला आणि त्याची सूची प्रसिद्ध केली. शिकागोच्या शार्लमे हिल रॉलिन्स यांनी तर १९४१ साली ‘वी बिल्ड टुगेदर’ या नावाची मार्गदर्शिका काढून पुस्तक पारखण्याच्या कसोट्याच लिहून दिल्या: चित्रांतील चेहरे व्यंगचित्राप्रमाणे विद्रूप केलेले आहेत काय, बोली हास्यास्पद व्हावी म्हणून वापरली आहे काय, पात्राला स्वतःचे शहाणपण दिले आहे काय. शिक्षक, ग्रंथपाल आणि प्रकाशक या तिघांनाही ती मार्गदर्शिका उपयोगी पडली. एवढे होऊनही १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी त्रेसष्ट प्रकाशकांनी तीन वर्षांत काढलेली ५,२०६ बालपुस्तके हिशेबात घेतली, तेव्हा कृष्णवर्णीय व्यक्ती ज्यांत एकदा तरी दिसते अशी पुस्तके अवघी ३४९ भरली. म्हणजे शंभरात सातही नाहीत.

असा हिशेब मराठी बालपुस्तकांचा कोणी मांडला, तर तो सुखावह निघेल असे मानण्यास आधार नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकला आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या त्याच्यामागून धावल्या, हे आपले भाग्यच. दोष त्या चपळ मुलाचा नाही, दोष असा, की त्याच्या तोडीचा साहसी नायक तांड्यावरून, पाड्यावरून किंवा मोहल्ल्यातून फारसा आलाच नाही. अलीकडे परिस्थिती पालटत आहे, हे मान्य केले पाहिजे. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रमय पुस्तकांनी मराठी मुलांना घर, शेजार आणि भांडणतंट्यांची खरीखुरी भाषा दिली, आणि २०१६ साली ‘बिग लिटल बुक’ पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी लेखकाचा मान त्यांना मिळाला. कांचा इलैया यांनी लिहिलेल्या आणि गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम यांनी सजवलेल्या इंग्रजी पुस्तकात चांभार, कुंभार, धोबी, न्हावी यांच्या व्यवसायांतील विद्या हीच विद्या म्हणून मुलांपुढे मांडलेली आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संगणकीय भांडारात आज तीनशेहून अधिक भाषांतील गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. त्या कोणालाही उतरवून घेता येतात, छापता येतात, इतकेच नव्हे तर स्वतःच्या बोलीत भाषांतरित करून तेथे ठेवता येतात. गावातल्या एखाद्या कोरकू जाणत्याला बरोबर घेऊन शाळेच्या ग्रंथपालाने दहा पानांचे पुस्तक तयार करणे आता खर्चाचे काम राहिलेले नाही. ते करता येते, हे त्याला कोणीतरी सांगावयास मात्र हवे.

सांगितले न गेल्यामुळे हातचे हक्क वाया जातात, याचे उदाहरण दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात अशी तरतूद झाली, की अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाचे ब्रेल, ध्वनी किंवा अन्य सुगम रूपांतर ना-नफा तत्त्वावर केल्यास तो हक्कभंग होत नाही. २०१३ साली माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत, आणि २०१६ साली तो करार अमलात आला. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. ज्या शाळेत एखादे दृष्टिहीन मूल इतरांच्या बरोबरीने शिकते, तेथील ग्रंथपालाला यांतील काहीच ठाऊक नसेल, तर त्या मुलाच्या वाट्याला पाठ्यपुस्तकाची मोठ्याने केलेली उजळणी तेवढी येते. आणि गोष्टीचे पुस्तक ही चैन डोळसांसाठी राखीव राहते.

तर मग असे प्रशिक्षण कोठे मिळते? याचे एक समाधानकारक उत्तर गोव्यात सापडते. सुजाता नरोन्हा आणि इलेन मेंडोन्सा यांनी २००५ साली तेथे ‘बुकवर्म’ हे ग्रंथालय स्थापन केले. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळा कोंकणी व मराठी माध्यमांच्या, पुढे इंग्रजी, मुलांत कर्नाटकातून आणि उत्तर भारतातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी, आणि खुद्द कोंकणीही देवनागरी व रोमी अशा दोन लिप्यांत लिहिली जाते. अशा मुलखात ‘कोणत्या भाषेतले पुस्तक कोणाला’ हा रोजचाच सवाल. या संस्थेने शाळांत आणि वस्त्यांत ग्रंथालये चालवून जे अनुभवाचे भांडवल जमवले, ते टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने काढलेल्या ग्रंथालय-शिक्षकांच्या अभ्यासक्रमात उपयोगी पडले. हिंदी व इंग्रजी या भाषांतून चाललेला तो अभ्यासक्रम काही महिन्यांचा, काम करीत करीत पुरा करावयाचा: मध्ये काही दिवस सर्वांनी एकत्र यावयाचे, मधल्या काळात आपापल्या ग्रंथालयात वाचावयाचे, करून पाहावयाचे, लिहून काढावयाचे आणि मार्गदर्शकाने त्यावर अभिप्राय द्यावयाचा. प्रौढ माणसाने स्वतः बालपुस्तके वाचणे, आणि ती शेकड्यांनी वाचणे, हा त्यातील पहिला पाठ होय.

दुसरा पाठ प्रकट वाचनाचा. वरवर पाहता यात शिकण्यासारखे काय आहे, असे वाटते. परंतु चित्रपुस्तक हाती घेऊन तीस मुलांपुढे बसून पाहावे. पुस्तक आपल्या तोंडापुढे धरले तर मुलांना चित्र दिसत नाही. म्हणून ते खांद्याच्या बाजूला, पाने मुलांकडे करून धरावयाचे, आणि मजकूर जवळजवळ पाठ असल्याखेरीज तसे वाचता येत नाही. मुखपृष्ठ दाखवून क्षणभर थांबावयाचे. पान उलटण्याची घाई करावयाची नाही, कारण चांगल्या चित्रपुस्तकात शब्द एक गोष्ट सांगतात आणि चित्र तीत भर घालते किंवा ती खोटीही पाडते. ते शोधण्यास मुलांना अवधी लागतो. ज्यांना मराठी नीट उमगत नाही, ती मुले चित्रावरून पुढे असतात, आणि अनेकदा वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांआधी त्यांनाच कोपऱ्यातले मांजर दिसते. मूल आपल्या बोलीत बोलले तर त्याला मराठीत बोलावयास लावावयाचे नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, शेवटचे पान झाल्यावर ‘यावरून काय शिकलात?’ हा प्रश्न गिळून टाकावयाचा. आमच्या शाळांतून गोष्टीच्या शेपटीला तात्पर्य बांधण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्याने किती गोष्टी मारल्या याची गणना कोणी करू शकणार नाही. महाराष्ट्रात वाडा तालुक्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेने ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून बालसाहित्यातील गोष्टी नाट्यरूपाने आदिवासी मुलांपुढे नेल्या. तेथेही मर्म हेच, की गोष्ट आधी अनुभवावयाची असते.

इतके सारे शिकून ग्रंथपाल शाळेत परतला, तरी एक अडसर राहतोच, आणि माझ्या मते मुख्य अडसर तोच आहे. तो म्हणजे हरवलेल्या पुस्तकाचे भय. पुस्तक गहाळ झाले तर किंमत पगारातून वसूल होईल, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. नवे कोरे चित्रपुस्तक ‘पाहुण्यांना दाखवावयास’ राहते. आणि ज्या मुलाच्या घराला दार नाही, त्याला पुस्तक घरी न देण्याचा अलिखित ठराव होतो. वस्तुतः केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांच्या २०१७ च्या संहितेतील २१५ वा नियम या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका उदार आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा पाहिल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे अगर हलगर्जीपणामुळे झालेली नसल्यास, वाजवी समजावी, असे तो सांगतो. चौकशी आवर्जून करावयाची ती हजार रुपयांवरील किमतीच्या किंवा दुर्मिळ ग्रंथांची. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आणि शाळांचा हिशेब राज्याच्या व संस्थेच्या नियमांनी चालतो, हे खरे. परंतु त्यातील तत्त्व पाहावे. चारशे मुलांच्या शाळेत प्रत्येकाने वर्षाकाठी वीस पुस्तके नेली, तर देवघेव आठ हजारांची झाली आणि चाळीस पुस्तकांची तूट त्या मापाने क्षम्य ठरली. कुलूप लावून बसलेल्या ग्रंथालयाची देवघेव शून्य, म्हणून त्याची क्षम्य तूटही शून्य. माप ग्रंथांच्या संख्येवर नाही, वापरावर आहे. रंगनाथनांचे पहिले सूत्र अर्थखात्याच्या नियमात अशा रीतीने येऊन बसले आहे, याची खबर अर्थखात्यालाही नसावी.

हा नियम, आणि फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे कसा मांडावा याची रीत, शालेय ग्रंथपालांच्या कोणत्याही वर्गात पहिल्याच दिवशी शिकवली जावी असे मला वाटते. बालसाहित्य, बोली, प्रकट वाचन हे सारे दुसऱ्या दिवसापासून. भय गेले म्हणजे मग ऊसतोडीला निघालेल्या मुलीच्या बोचक्यात दिवाळीपूर्वी चार पुस्तके देऊन परतीच्या रकान्यात पाडव्यानंतरची तारीख घालता येते, आणि त्या तारखेबद्दल कोणाकडे कैफियत देण्याची पाळी येत नाही.

खर्चाचा मुद्दा कोणी उपस्थित करील, म्हणून एवढेच. समग्र शिक्षा योजनेतून शाळांना ग्रंथालयासाठी इयत्तांच्या टप्प्यानुसार दरवर्षी पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद आहे. ती रक्कम पुस्तकांची, माणसाच्या शिक्षणाची नव्हे. परंतु महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली दरमहा केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते, आणि तेथे आठ-दहा शाळांचे शिक्षक तसेही एकत्र येतात. त्या परिषदेतील एक तास ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली आहे त्यांना द्यावा, शेजारच्या माध्यमिक शाळेतील अर्धवेळ ग्रंथपालासही बोलावण्याचा आदेश काढावा, आणि प्रत्येकाने मागील महिन्यात वाचलेले एक बालपुस्तक आणून, ते कोणत्या मुलाला दिले व त्याने त्याचे काय केले, एवढे सांगावे. यासाठी नवे पद नको, नवी इमारत नको. परिपत्रकात ‘शिक्षक’ या शब्दापुढे ‘व ग्रंथपाल’ एवढी दोन पदे वाढवली की काम भागते.